समीक्षा आणि कथेचा शेवट

कथासंग्रहाचे परीक्षण लिहिताना कथानक किती सांगावे, हा प्रश्न मला वारंवार पडत आला आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथेचा उलगडा आधीच सांगणे म्हणजे वाचकाचा हक्क हिरावून घेणे होय. कारण तेथे उत्कंठा हेच वाचनाचे मुख्य प्रयोजन असते. परंतु बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचे शीर्षकच मूळ घटना सांगून टाकते. तरीही वाचताना जीव टांगणीला लागतो. काय घडले यापेक्षा ते कसे सोसले गेले, हे तेथे महत्त्वाचे ठरते. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘स्वामी’मधील प्रकाशाकडे झेपावणाऱ्या वेलीचा उल्लेख टाळला, तर ती कथा पराभवाची की मुक्तीची, ही चर्चाच संभवत नाही. शेवट झाकणारा समीक्षक मग ‘परिणामकारक’सारख्या पोकळ विशेषणांचा आश्रय घेतो. याउलट, नुसता सारांश विद्यार्थ्याला मूळ कथेपासून तोडतो. न वाचलेल्या कथांवरील सफाईदार उत्तरे मी उत्तरपत्रिकांत दरवर्षी पाहतो. म्हणून मी स्वतःपुरती एक मर्यादा मानतो. आपल्या विधानाला आधार देईल तेवढेच कथानक सांगावे. मात्र तेवढे निःसंकोचपणे सांगावे.