रेघेअलीकडचं पोरगं

मी इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा जोडायचा, पुढं सरकायचं. कविता नंतर कधी. आज शाळेचं सांगतो.

माझं गाव निपाणीजवळ. घरात मराठी, शाळा कन्नड. बाप इकडं मागावर लागला तेव्हा मी सातवी पास. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा नुकता लागू झालेला, म्हणून दाखला नसताना आठवीत बसवलं. बसवलं म्हणजे मागच्या बाकावर. मराठी बोलायला फाडफाड. लिहायला मात्र हिंदीच्या तासाला गिरवलेली अक्षरं तेवढी. इतिहासाचं उत्तर डोक्यात कन्नडमधून तयार आणि पेपर कोरा. मास्तर म्हणाले, 'ढ आहे.' वर्गानं तेच नाव ठेवलं.

एक बाई होत्या. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "कन्नडमध्ये लिही, मला मराठीत वाचून दाखव." त्यांना कन्नडचं ओ की ठो कळत नव्हतं. डबा बाजूला ठेवून ऐकायच्या. वर्षभर. त्या नसत्या तर मी नववीतच गळालो असतो.

दहावी निघालो. मग कागद आला. शिष्यवृत्तीला जातीचा दाखला पाहिजे. कचेरीतला साहेब म्हणाला, "१० ऑगस्ट १९५० ला तुझा आज्जा महाराष्ट्रात राहत होता काय?" अहो, तेव्हा आमचं गाव मुंबई राज्यातच होतं! १९५६ ला रेघ ओढली. आज्जा जागचा हलला नाही, राज्य हललं. सुप्रीम कोर्टाचा १९९० चा निकालही आहे, की एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर तिथल्या राखीव जागा त्याला नाहीत. जात मात्र रेघ ओलांडून बरोबर आली. भाड्यानं खोली मागताना तिचा पुरावा कुणी मागितला नाही.

अकरावीची फी भरता आली नाही. गिरणीत लागलो. वाचनालयात वाचलं ते वाचलं.

बाबासाहेब १९२० ला माणगावला आले, १९२५ ला निपाणीला. आपण दोन्हीकडं वर्गणी काढतो, डीजे लावतो. पण आपल्याच वस्तीतलं कुठलं पोरगं या वर्षी शाळेतून उठलं, ते किती जणांना सांगता येईल? मलाही सगळं येत नाही.

माझ्या पाळीतल्या एकाची पोरगी यंदा आठवीत आलीय, चिकोडीकडची. पाळी सुटली की तिची वही घेऊन बसतो. बाईंसारखंच. झोप येते, खोटं कशाला सांगू.

तिच्या आज्ज्याचं नाव शाळेच्या जुन्या रजिस्टरात असंल म्हणतात. ते आत्ताच काढून ठेवायचंय, दहावीची वाट बघायची नाही. रविवारी मी आणि तिचा बाप निघतोय. मोटारसायकल कुणाची मिळंल काय?