लोणाचा हिशेब

खेळातील गुण हे केवळ बाहुबलाचे फळ नव्हे. ते पुष्कळ अंशी नियमांचेही फळ असते, ही गोष्ट प्रेक्षकांच्या ध्यानात सहसा येत नाही. आपल्या हुतूतूचेच पाहा. त्याचे संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार. गामिनीत बाद झालेला गडी आपला सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये शिवलेला गडी मैदानातच राही आणि फक्त गुण मोजला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला एक जिवंत होई. पकड तीच, परंतु तिचे मोल तिन्ही ठिकाणी निराळे!

इंदापूर तालुक्यातील एक पालक, जे तरुणपणी यात्रेतील सामने गाजवीत, यंदा आपल्या मुलाचे नाव शाळेच्या संघातून काढावे म्हणून मजकडे बारामतीस आले. "सर, समोरच्याला पस्तीस-चाळीस गुण देतात ही पोरं. आमच्या वेळी एवढे दिले असते, तर गावात तोंड दाखवता आलं नसतं. याला पकड येत नाही, मग खेळायचं कशाला?" मुलगा डावा कोपरा राखतो. तो खाली मान घालून उभा होता. त्याची पकड मी पाहिली आहे. ती उत्तम आहे.

मी त्यांना प्रथम बास्केटबॉलची हकीकत सांगितली. १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे नेस्मिथ नावाच्या एका शिक्षकाने हा खेळ शोधून काढला. पुढे धंदेवाईक संघ आघाडी मिळताच चेंडू नुसता हातात खेळवीत बसू लागले. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेत एक सामना १९ विरुद्ध १८ असा संपला. प्रेक्षक कंटाळले. अखेर १९५४ साली २४ सेकंदांच्या आत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम झाला, आणि एका हंगामात संघाची सरासरी सुमारे ७९ गुणांवरून ९३ वर गेली. आता राखण करणारे सारे एका वर्षात दुबळे झाले काय?

कबड्डीत हेच घडले. पूर्वी चढाईची मर्यादा म्हणजे खेळाडूचा दम. आता ३० सेकंदे. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यावर तिसऱ्या चढाईचा नियम घरोघरी ठाऊक झाला: लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण मिळवावा, नाहीतर बाद व्हावे. आघाडी घेऊन मध्यरेषेवरून परतण्याची जुनी युक्ती तेथे संपली. समोर सहा वा सात गडी असता बोनस रेषा ओलांडणारास न शिवताही गुण मिळतो. यावर ते गृहस्थ उसळलेच. "न शिवता गुण कसला?" (खरे सांगावयाचे तर माझेही मन या नियमावर अद्याप पुरते बसलेले नाही.)

परंतु नियमकर्त्यांनी राखणारांस वाऱ्यावर सोडले नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड झाली, तर एकाऐवजी दोन गुण. हे ऐकून ते क्षणभर थांबले व म्हणाले, "मग चौथा गडी मुद्दाम बाद होत असेल."

प्रश्न जाणत्या खेळाडूचा होता. मुलानेच उत्तर दिले: "नाही, बाबा. प्रत्येक गडी गेला की त्यांना गुण मिळतो, आणि लोण चढला तर वर आणखी दोन. शिवाय तिघांसमोर चढाई करणारा अंग राखून खेळतो. आम्ही त्याच्या तिसऱ्या चढाईची वाट पाहतो. तेव्हा त्याला आत यावंच लागतं."

वडिलांनी त्याला विचारले, "आत आला की आधी काय धरतोस, घोटा की मांडी?" त्यानंतर अर्धा तास दोघे माझ्या खोलीबाहेरच्या पडवीत घोट्याच्या पकडीवर बोलत होते. नाव काढण्याचा विषय निघाला नाही.