पिल्लासोबत गिरगाव ते भुलेश्वर

निसर्गदृश्ये टिपणाऱ्या छायाचित्रकाराला पहाट चुकवून चालत नाही. सोबत नवे पिल्लू असले की मात्र कॅमेऱ्याला थांबावे लागते. गिरगाव चौपाटीवर ओहोटीची ओली वाळू हुंगण्यात ते रमते. तोवर मलबार हिलवरचे कोवळे ऊन कडक होते.

येथून भुलेश्वर पायी जाण्याजोगे. १८३२ च्या जूनमध्ये सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा शहरात दंगल उसळली. पारशी, जैन, हिंदू व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. पुढे १८३४ मध्ये शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरी पांजरापोळ उभा राहिला.

मुक्या जिवांसाठी त्या पिढीने धंदा बाजूला ठेवला. पिल्लापायी एखादे छायाचित्र हुकले, तर त्याची खंत कशाला?