रक्तांतला दोष

आमचे एक मामा होते. पंचविशीच्या सुमारास त्यांच्या चित्ताचा तोल गेला आणि पुढील सारें आयुष्य त्यांनीं माडीवरल्या एका खोलींत काढिलें. त्यांचा विषय निघाला कीं आमचे वडील म्हणत, “त्या घराण्याच्या रक्तांतच तें आहे.” हें ऐकून आई मुकाट्यानें स्वयंपाकघरांत निघून जाई. आमच्या मावसबहिणीचें ठरत आलेलें लग्न मोडलें, तेव्हां वरपक्षानेंहि हेंच कारण सांगितलें.

पुढें प्राग येथील मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर यान यान्स्की (१८७३–१९२१) यांची हकीकत आमच्या वाचनांत आली, तेव्हां या वाक्याची आठवण झाली. वेडाचें मूळ रक्तांत सांपडतें काय, हाच प्रश्न त्यांनीं हातीं घेतला होता. एकाच्या रक्तद्रवांत दुसऱ्याच्या रक्तपेशी मिसळल्या असतां कधीं कधीं त्या चिकटून त्यांचे पुंजके होतात. याचा मनोविकाराशीं संबंध असावा, अशा तर्कानें त्यांनीं ३,००० हून अधिक मनोरुग्णांचें रक्त तपासलें. १९०७ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला : असा कांहींएक संबंध नाहीं.

मात्र या तपासणींत माणसांच्या रक्ताचे चार गट त्यांस आढळले. व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं तीन गट दाखविले होते. चौथ्याचीं उदाहरणें डेकास्टेलो व स्टुर्ली यांस १९०२ सालीं मिळालीं, पण तीं अपवाद म्हणून राहिलीं. यान्स्की यांनीं चारहि गट एका व्यवस्थेंत बसवून त्यांस आंकडे दिले. परंतु निबंध पडला चेक भाषेंतला. तो वाचणार किती जण? १९१० सालीं अमेरिकेंत मॉस यांनीं स्वतंत्रपणें तेच चार गट मांडले, पण पहिल्यास चौथा व चौथ्यास पहिला म्हटलें. यान्स्की यांचा अग्रमान अमेरिकन शास्त्रज्ञांच्या समितीनें १९२१ सालीं मान्य केला. त्याच वर्षीं ते वारले. नोबेल पारितोषिक १९३० सालीं लँडस्टायनर यांस मिळालें, आणि तें योग्यच होतें. मायदेशीं रक्तदात्यांस यान्स्की यांच्या नांवाचें पदक देतात.

त्यांची उपेक्षा झाली म्हणून लोक हळहळतात. आम्हांस मात्र त्यांच्या फसलेल्या तर्काचेंच मोल अधिक वाटतें. मनोविकार कुळांतून उतरत नाहीं, असें त्यांनीं सिद्ध केलें नाहीं. आजचें शास्त्रहि तसें म्हणत नाहीं. परंतु ज्या चार गटांत शहाणे बसतात, त्यांतच वेडेहि बसतात, एवढें त्यांनीं मोजून दाखविलें. आपला तर्क खोटा ठरला हें त्यांनीं लपविलें नाहीं. घरोघरीं रक्ताचा दोष काढणाऱ्या आम्हां लोकांपैकीं किती जणांनीं आपला तर्क असा तपासून पाहिला आहे?

मामांचें मांडीचें हाड मोडलें, तेव्हां शस्त्रक्रियेसाठीं रक्त हवें होतें. आमचें जुळलें नाहीं, वडिलांचें जुळलें. प्रयोगशाळेची चिठ्ठी त्यांनीं दोनदां वाचली आणि बाही वर केली. परततांना वाटेंत ते एक अक्षर बोलले नाहींत. तें वाक्य आमच्या घरांत पुन्हां कधीं ऐकूं आलें नाहीं. मावसबहिणीच्या केसांत मात्र तोंवर पांढरी बट आली होती.