वरच्या मजल्यावरून

मुलांनो, मुंबईत दादरच्या पूर्वेला एक मोठा चौक आहे. त्याचे खरे नाव खोदादाद सर्कल. पण सगळे त्याला 'दादर टीटी' म्हणतात. टीटी म्हणजे काय, असे विचारले तर फार थोडे जण उत्तर देऊ शकतील. टीटी म्हणजे 'ट्राम टर्मिनस', ट्रामचे शेवटचे स्थानक. ट्राम बंद होऊन साठ वर्षे उलटली, नाव मात्र तिथेच राहिले.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ट्राम पाहिली नसेल. ट्राम म्हणजे रस्त्यात बसवलेल्या रुळांवरून धावणारी गाडी. मुंबईत ती ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून पायधुणीपर्यंत होता आणि दुसरा बोरीबंदरहून पायधुणीपर्यंत. तेव्हा ती घोडे ओढत असत. कंपनीच्या तबेल्यांत सुमारे नऊशे घोडे होते म्हणे! पुढे ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. आज विजेवर चालणारी बस दिसली की लोक तिच्याकडे कौतुकाने पाहतात. पण रस्त्यात धूर न सोडणारी सार्वजनिक गाडी मुंबईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिली होती.

माझे लहानपण भायखळ्याला गेले. ट्राम आमच्या घरावरूनच जाई. ती संथ होती. ड्रायव्हर पायाने घंटा वाजवी आणि 'ठण् ठण्' असा आवाज आला की रुळांवर खेळणारी मुले बाजूला होत. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. वडील मला ती पाहायला घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसेच माणसे! ट्राम हळू चालते, रस्त्याची मधली जागा अडवते, मोटारींना अडथळा होतो, अशी तेव्हा तक्रार होती. ट्राम दिसेनाशी झाल्यावर वडील एवढेच म्हणाले, "बघू या, आता रस्ता किती मोकळा होतो ते."

रस्ता मोकळा झाला, पण थोडेच दिवस. मोकळी झालेली जागा मोटारींनी भरून टाकली. २००२ साली त्याच भागात, मोहम्मद अली रोडवरून, जे. जे. उड्डाणपूल झाला. वरून मोटारी वेगाने जाऊ लागल्या. खाली मात्र हातगाडीवाले, पायी चालणारे, शाळेची मुले, खरेदीला आलेल्या बायका यांची दाटी आहे तशीच आहे. पूल ज्यांच्या घरांसमोरून जातो, त्यांपैकी किती जणांच्या तो उपयोगी पडतो, हा प्रश्न मला तिथून जाताना नेहमी पडतो.

ट्राम गेल्यावर मी दुमजली बसचा भक्त झालो. ही बस मुंबईत १९३७ साली आली. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा मिळाली की आम्हांला राज्य मिळाल्यासारखे वाटे. (जाता जाता सांगतो, मराठीतला 'मजला' आणि उर्दूतील 'मंजिल' ही एकाच अरबी शब्दाची लेकरे आहेत.) तिथे बसून खालचा रस्ता नकाशासारखा दिसतो. पुढे नोकरीला लागल्यावर सिग्नलपाशी बस थांबली की मी खालची वाहने मोजत असे. एकदा पुढे अकरा मोटारी होत्या. त्यांपैकी आठांमध्ये एकेकच माणूस होता. सगळ्या मोटारींत मिळून पंधरा माणसे. माझ्या बसमध्ये मात्र साठांहून अधिक माणसे होती, आणि ती सगळी त्या पंधरा जणांच्या मागे ताटकळत उभी होती! रस्ता सर्वांच्या पैशांतून बांधलेला असतो. मग त्यावर आधी कोणी जावे, साठ जणांनी की पंधरा जणांनी?

बस अशी अडकली की ती उशिरा येते. उशीर झाला की माणसे कंटाळतात. आमच्या शेजारचा एक तरुण शिवणकामाच्या कारखान्यात जातो. रोज उशिरा पोहोचल्यामुळे त्याचा पगार कापला जाऊ लागला, तेव्हा त्याने हप्त्यावर स्कूटर घेतली. मी त्याला कसा दोष देणार? पण त्याच्यासारख्या हजारो स्कूटर रस्त्यावर आल्या की बस आणखी उशिरा येते. मग आणखी माणसे स्कूटर घेतात. हे चक्र असेच फिरत राहते. २०१० च्या सुमारास मुंबईत बेस्टच्या चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. २०२५ साली त्या तीन हजारांहूनही कमी उरल्या होत्या. शहरात नोंदलेली वाहने मात्र चाळीस लाखांच्या पुढे गेली आहेत.

आता विजेच्या मोटारी आल्या, म्हणजे प्रश्न सुटला, असे काही जण म्हणतात. धूर कमी होईल हे खरे. पण आपल्या देशातील बरीचशी वीज अजूनही कोळशापासून तयार होते. शिवाय विजेची मोटार रस्त्यावर जागा काही कमी घेत नाही. अकरा मोटारी विजेवर चालल्या तरी त्या अकराच!

फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग नावाचे शहर आहे. तिथेही १९६० साली ट्राम बंद केली होती. १९९४ साली त्यांनी ती पुन्हा सुरू केली आणि शहराच्या मध्यभागातील काही रस्त्यांवरून मोटारींना हटवून तो भाग ट्राम आणि पायी चालणाऱ्यांना दिला. आपल्याकडे अहमदाबादला २००९ पासून बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी वाट आहे. ट्रामच हवी, असा माझा हट्ट नाही. बसला तिची वाट आणि चालणाऱ्याला पदपथ मिळाला तरी पुष्कळ झाले.

मदनपुऱ्यात माझा एक जुना मित्र राहतो. तो उर्दू शाळेत शिकला. मराठी अंक आपण पुस्तकातून नव्हे, तर बसच्या कपाळावरचे क्रमांक वाचून शिकलो, असे तो हसत सांगतो. १५ सप्टेंबर २०२३ रोजी डिझेलवरची शेवटची दुमजली बस धावली, तेव्हा आम्ही दोघेही हळहळलो. त्याच वर्षी विजेवरच्या दुमजली बस आल्या होत्या, म्हणून थोडे समाधानही वाटले. आता त्याचे गुडघे दुखतात. मेट्रोचे स्थानक लांब नाही, पण तिथवर चालत जायचे तर पदपथावर दुचाक्या उभ्या असतात. म्हणून तो बसच्या थांब्यावर उभा राहतो. परवा मी त्याला विचारले, "किती वेळ झाला?"

"पंचवीस मिनिटे," तो म्हणाला, "आणि समोरून एकशे बारा मोटारी गेल्या. तुझी मोजायची सवय मलाही लागली बघ."