आम्ही टायर चढवितो

तरफेचा नियम आम्हां दोघा भावांना तोंडपाठ होता. बलभुजा जितकी लांब तितके बळ कमी लागते, हे उत्तर परीक्षेत लिहून आम्ही पुरते गुण मिळविले होते. त्यामुळे गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत काकांच्या बुलेटचा मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला, तेव्हा "दुकानात कशाला? आम्हीच चढवितो!" असे आम्ही मोठ्या ऐटीने जाहीर केले. काका हसले, दोन टायर-लिव्हर आमच्या स्वाधीन केले आणि कामाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना चोर्ला घाटाने साखळीस जावयाचे होते.

शहापुरातील आमच्या घराच्या अंगणात गोणपाट अंथरून त्यावर चाक आडवे ठेवले. व्हॉल्व्हची पिन काढून हवा सोडली. जुना टायर तासाभराच्या झटापटीनंतर निघाला. नव्या टायरवर ३.२५-१९ असे आकडे होते. म्हणजे रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास एकोणीस इंच. बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला ठेवून पहिली कड चढविली आणि आत ट्यूब सारली. दुसरी कड मात्र अर्ध्यावर जाऊन जी अडली, ती हलेना. आम्ही लिव्हरला अक्षरशः लोंबकळलो. बोटे सोलली, घाम गळला. टायर जागचा ढळेना.

आजी ओसरीवर वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "अरे पोरांनो, कासार बांगडी कधी अशी रेटतो काय? हाताला साबण लावतो, हात दाबून लहान करतो, मग बांगडी आपसूक जाते!"

आम्ही एकमेकांकडे पाहतच राहिलो. टायरच्या कडेत पोलादी तारा असतात. त्या ताणत नाहीत, आणि ताणूही नयेत. कारण त्यांच्याच भरवशावर टायर रिमला धरून राहतो. मात्र रिमच्या मध्यातून सभोवार एक खोलगट पन्हळ गेलेली असते. कडेचा एक भाग त्या पन्हळीत दाबला, की समोरच्या बाजूस तेवढीच ढील मिळते. व्हॉल्व्हपाशी कड पन्हळीत उतरू शकत नाही. म्हणून आरंभ समोरून करावयाचा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. साबणाचे पाणी लावले, गुडघ्यांनी कड खाली दाबली, आणि काय आश्चर्य! थोड्याशा जोरात टायर आत गेला.

जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. बेलफास्टमध्ये आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्याने तो केला होता. त्याच्याही आधी, १८४५ साली, रॉबर्ट विल्यम थॉमसन याने तशाच चाकाचे पेटंट घेतले होते. त्या सायंकाळी आपणही त्यांच्याच पंक्तीला बसलो, असे आम्हांला वाटले.

पण एक गोष्ट आम्ही कोणाला सांगितली नव्हती. शेवटच्या झटक्याला लिव्हरच्या टोकाखाली काहीतरी मऊ चिमटल्याचा भास झाला होता. रात्री जेवणानंतर माप लावून पाहिले, तर हवा दोन पौंडांनी कमी! "मोजताना थोडी निघतेच," धाकटा म्हणाला. "निघतेच," थोरल्याने री ओढली. आम्ही अंथरुणावर पडलो. पण डोळ्यांपुढून चोर्ल्याची वळणे हलेनात. अशा वळणावर मागचे चाक एकाएकी बसले, तर? दोघेही जागे आहोत, हे दोघांनाही ठाऊक होते. अखेर उठलो आणि काकांना जागे केले.

काका रागावले नाहीत. कंदिलासारखा विजेचा दिवा दोरीला बांधून त्यांनी अंगणात टांगला आणि आमच्याचकडून टायर पुन्हा उतरविला. ट्यूबवर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा होत्या, जणू सापाचे दात. "ट्यूब घालण्यापूर्वी तिच्यात थोडी हवा भरायची," काका म्हणाले, "म्हणजे ती गोल राहते, लिव्हरखाली येत नाही." नवी ट्यूब घालून आम्ही पुन्हा टायर चढविला. या वेळी लिव्हरचा उपयोग फारसा पडला नाही.

पहाटे निघताना काकांनी चाकावर एक थाप मारली आणि म्हणाले, "टायर कोणीही चढवील. रात्री मला उठवलेत, म्हणून मी या चाकावर बसतो आहे."

तरफेचा नियम आम्हांला आजही पाठ आहे. त्या रात्रीचा धडा मात्र कोणत्याही परीक्षेत आला नाही. आणि तो पाठ करण्याची गरजही आम्हांला कधी पडली नाही.