पॉइंट चारचं भोक

भोसरी एमआयडीसीतल्या वायरकटच्या दुकानांत दिवसभर भोकं पडत असतात. पोलादी ठोकळ्यातून तार ओवायची तर आधी स्टार्ट होल लागतं. बारीक पितळी नळीचा इलेक्ट्रोड ठिणग्या टाकत ते पाडतो. अशाच एका दुकानात माझ्या मित्राने पितळी शिमचा तुकडा पुढे केला आणि पॉइंट चारचं एकच भोक मागितलं. "ड्रॉइंग?" दुकानदाराने विचारलं. ड्रॉइंग नव्हतं. "मग बसणार कशात?" दूध पावडरच्या डब्यात, हे ऐकल्यावर त्याने शेजारच्या दुकानदारालाही हाक मारली.

मित्र चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. पिनहोल कॅमेऱ्यासाठी डब्याला सुईने टोचून मोकळं होणं त्याच्या स्वभावात नाही. शाळेत असताना त्याने आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी पाहिली होती. गुप्ता आयआयटीतून बाहेर पडल्यावर पुण्याच्या टेल्कोत नोकरीला होते, हे त्याला पुढे कळलं. तेव्हापासून तो त्यांच्याबद्दल आपल्याच खात्यातल्या जुन्या साहेबांबद्दल बोलावं तसं बोलतो.

आता पॉइंट चारच का? भोक मोठं असेल तर चित्र पसरतं. पण ते फार बारीक केलं तरी बिघडतं, कारण काठापाशी प्रकाश वळतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं. मधला सोन्याचा आकडा भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी एकोणिसाव्या शतकातच सूत्रात बसवून ठेवलाय. भोकापासून कागद 10 सेंटीमीटरवर असेल तर व्यास साधारण 0.45 मिलिमीटर. ठिणगीच्या गॅपमुळे भोक इलेक्ट्रोडपेक्षा किंचित मोठंच पडतं, म्हणजे पॉइंट चारचा इलेक्ट्रोड बरोबर बसतो. भोकाचा काठ मित्राने झिरो पॉलिश पेपरवर हलक्या हाताने साफ केला आणि भिंगाखाली पाहत बसला. पार्ट एक, तपासणी शंभर टक्के!

बाकीचं काम घरगुती. डबा आतून मॅट काळा, शटर म्हणून काळी इन्सुलेशन टेप, आणि बाथरूममध्ये लाल बल्ब लावून कापलेला ब्रोमाइड पेपर. हा पेपर भलताच मंद. कडक उन्हातही त्याला मिनिटभर लागतं.

एप्रिलचा शेवटचा रविवार 2001 पासून जगभर पिनहोल दिवस म्हणून साजरा होतो. इकडे बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे रविवारी चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरची रांग नेहमीसारखीच होती. चौकातल्या एका दुकानाच्या ओट्यावर मित्राने डबा ठेवून वर वीट ठेवली. ट्रॅफिक हवालदार लगेच आले.

"काय आहे यात?"

"कॅमेरा आहे, साहेब."

"लेन्स कुठंय?"

भोक दाखवलं. ते वाकून पाहून गेले आणि पुन्हा चौकात उभे राहून हात करू लागले. टेप निघाली.

रात्री डेव्हलपरच्या ट्रेत कागद काळवंडत गेला. फिक्सरमधून काढून धुतला, वाळवला, मोबाइलवर उलटा करून पॉझिटिव्ह केला. पळत्या दुचाकी आणि रिक्षा पार गायब. मिनिटात त्यांनी पेपरवर छाप पडावी इतका वेळ कुठेच काढला नव्हता. अडकलेले कंटेनर मात्र टायरांसकट आले होते. म्हणजे चाकणचं ट्रॅफिक टिपायला याहून लायक कॅमेरा नाही. हवालदार जागच्या जागी उभे होते म्हणून धड आलं, हात आलेच नाहीत.

मित्राचं लक्ष वेगळीकडेच. रांगेतली लाल एसटी काळी कशी? ब्रोमाइड पेपरला लाल रंग दिसतच नाही, म्हणून तर बाथरूममध्ये लाल बल्ब चालतो, हे त्याला पटलं. तरीही त्याने चित्रामागे पेन्सिलने लिहिलं: एसटी, डेव्हिएशनखाली मान्य.